पट्टीची दुसरी बाजू
एका शाळेतल्या समूहगीताचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूर शहरातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेचं आहे. मी त्या शाळेत इतिहास शिकवत होते. मुलं आणि पालक ओळखू येऊ नयेत म्हणून इयत्ता आणि व्यवसाय बदलले आहेत, नावं दिलेली नाहीत. घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

सोलापूरचा पूर्व भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांचा हा भाग. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणाऱ्या पद्मशाली कुटुंबांच्या घरात अजून तेलुगू बोलतात. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे लिंगायत घरांमधून कानडी. मुस्लिम वस्तीत दखनी. शाळेत येताना ही सगळी मुलं मराठीत शिरतात आणि घंटा झाली की आपापल्या भाषेत परततात. आमच्या सातवीच्या एका वर्गात मधल्या सुट्टीत चार भाषांत भांडणं चालायची, आणि चारही भाषांतल्या शिव्या सगळ्यांना यायच्या.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमात दरवर्षी एक समूहगीत असतं. त्या वर्षी संगीताच्या बाईंनी एक हिंदी गीत बसवायला घेतलं आणि त्याला एक दृश्य जोडलं. पुढे आठ मुलं उभी राहणार, त्यांच्या अंगावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या : ‘मी हिंदू’, ‘मी मुस्लिम’, ‘मी शीख’, ‘मी ख्रिश्चन’, ‘मी मराठी’, ‘मी तेलुगू’, ‘मी पंजाबी’, ‘मी बंगाली’. मागे तीस मुलांचा गाणारा संच. शेवटच्या कडव्याला ढोलकी थांबते, आठही मुलं एकदम पट्टी उलटतात आणि मागच्या बाजूला आठही ठिकाणी एकच शब्द दिसतो : ‘भारतीय’.

पहिल्या तालमीला मी हजर होते. पट्ट्या उलटल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही. बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, “यंदा मैदान मारणार तुम्ही.”

मुलं कशी निवडली

आठ मुलं कशी निवडायची, याचं उत्तर बाईंनी सोपं शोधलं. कार्यालयातून जनरल रजिस्टर मागवलं. त्यात धर्म, जात, मातृभाषा यांचे रकाने असतात. मुस्लिम मुलगा ‘मुस्लिम’ झाला, पद्मशाली मुलगी ‘तेलुगू’. शीख, ख्रिश्चन, पंजाबी, बंगाली असं वर्गात कोणी नव्हतं, म्हणून त्या चार पट्ट्या उंचीप्रमाणे वाटल्या.

त्या रजिस्टरबद्दल माझी तक्रार नाही. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, सवलती, सगळं त्या रकान्यांवर चालतं. तो रकाना कोरा राहिला तर नुकसान गरीब पोराचंच होतं. पण रकाना भरला जातो तो कचेरीच्या कामासाठी. आम्ही तो थेट रंगमंचावर नेला.

शिवाय रजिस्टर खरं बोलतंच असं नाही. एका लिंगायत मुलाची मातृभाषा तिथे मराठी लिहिली आहे. त्याची आई शाळेत आली की आमच्याशी बोलायला तोच दुभाष्या होतो.

प्रश्न कसा उभा राहिला

‘मुस्लिम’ पट्टीच्या मुलाचा आवाज वर्गात सगळ्यात चांगला होता. गाण्याचा मुखडा तोच उचलायचा. पण पट्टीवाली मुलं माइकपासून लांब, अगदी पुढे, आणि त्यांनी गायचं नव्हतं. अभिनय करायचा होता. म्हणजे पट्टी मिळाली आणि माइक गेला. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. मुखडा दुसऱ्या मुलीला दिला गेला.

मुलाने बाईंना एकदा विचारलं, “बाई, मी पट्टी न घालता मागे गाऊ का?” बाई म्हणाल्या, “अरे, तू नसलास तर मुस्लिम कोण होणार?” बाईंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. वेळापत्रक डोक्यावर होतं, त्यात सिद्धेश्वराच्या यात्रेचे, आमच्या गड्ड्याचे, दिवस आले. निम्मी मुलं गैरहजर. मुलगा गप्प बसला.

१६ जानेवारीला त्याचे वडील आले. एस.टी.त वाहक आहेत. ड्यूटी संपवून खाकी गणवेशातच आले. संगीताच्या बाई रजेवर होत्या, म्हणून ते माझ्यासमोर बसले. आवाज अजिबात चढला नाही.

“मॅडम, रागावू नका. माझ्या पोराला तुम्ही चौथ्यांदा मुसलमान केलंय. तो आहेच की ओ. त्याला त्याचंच सोंग कशाला घ्यायला लावता?”

मला पटकन काही सुचलं नाही. ते पुढे म्हणाले, “बाकीची पोरं भगतसिंग होतात, सैनिक होतात, डॉक्टर होतात. ह्याच्या वाट्याला दर वर्षी टोपी आन् चौकड्याची लुंगी. ती लुंगी आमच्या घरात कोणी नेसत नाही. तुमच्याच शाळेने भाड्याने आणलेली आहे ती.”

जाता जाता दारात थांबून एक प्रश्न विचारला. “ती पट्टी उलटी केल्यावर तो भारतीय होतो ना? मग सुलटी असते तेव्हा कोण असतो?”

शिक्षक-खोलीत

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं बैठकीत मांडलं. ही माझी पहिली मोठी चूक. तिच्याकडे पुढे येते. संगीताच्या बाईंचा चेहरा उतरला. पंधरा दिवस घसा फोडून बसवलेलं काम, आणि ते सगळ्यांसमोर चुकीचं ठरत होतं.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “आज पट्टी नको म्हणतात, उद्या राष्ट्रगीत नको म्हणतील.” ज्याच्याबद्दल हे बोललं जात होतं तो मुलगा रोज सकाळी परिपाठात राष्ट्रगीताला पहिला सूर लावायचा. हे त्या सरांनाही माहीत होतं. पण शंका एकदा खोलीत आली की माहितीला जागा उरत नाही.

मुख्याध्यापक नागरिकशास्त्राचे. त्यांनी तो धागा तिथेच तोडला. केरळमधल्या तीन भावंडांना १९८५ साली शाळेतून काढलं होतं, कारण ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धार्मिक श्रद्धेमुळे गायची नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला : गायलाच हवं अशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि आदराने उभं राहण्यात अपमान नाही. १९७१ चा कायदा शिक्षा सांगतो ती राष्ट्रगीत मुद्दाम रोखणाऱ्याला किंवा त्यात व्यत्यय आणणाऱ्याला. “आणि इथे तर,” सर म्हणाले, “पोरगा गायला मागतोय. आपणच त्याला गप्प उभं केलंय.”

चहा घेऊन आलेले शिपाईमामा ट्रे ठेवताना सहज बोलून गेले, “आमच्यातल्या पोरांना पट्टीच नाही की, सर.” मामा बौद्ध आहेत. शाळेत बौद्ध मुलं भरपूर. रजिस्टरमध्ये तो रकानाही भरलेला. पण आमच्या एकात्मतेच्या यादीत बुद्ध नव्हता. चित्रात नेहमी चारच दिसतात म्हणून आम्ही चारच काढले होते. खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.

समोर असलेले पर्याय

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले होते.

पहिला पर्याय, वडिलांची समजूत घालून आहे तसंच पुढे नेणं. बहुमत त्या बाजूला होतं. “हेतू चांगला आहे” हे वाक्य त्या तासाभरात मी निदान सहा वेळा ऐकलं. वडील बहुधा ऐकलेही असते. ज्याला दर वर्षी शाळेच्या दारात यायचं असतं तो माणूस ऐकतो.

दुसरा, पट्ट्यांची अदलाबदल. हिंदू मुलाला मुस्लिम करा, मुस्लिम मुलाला शीख. मुख्याध्यापकांना हे आवडलं होतं. मला नाही. त्याने त्या मुलाची सुटका झाली असती. पण टोपी, लुंगी, खोटी दाढी यांचं सोंग तसंच राहिलं असतं, फक्त दुसऱ्याच्या अंगावर. आणि कोणत्या घरातून काय निरोप येईल याचा अंदाज नऊ दिवसांत घेता येण्यासारखा नव्हता.

तिसरा, सगळ्या पट्ट्या काढून नुसतं गाणं. मी याच बाजूची होते. सोपं, स्वच्छ. ते तसं नाही, हे मला एका मुलीने शिकवलं.

‘तेलुगू’ पट्टीची मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. पट्ट्या जाणार ही बातमी वर्गात पोहोचली होती. डोळ्यांत पाणी. तिच्या आजीने तिच्यासाठी स्वतःची जुनी पट्टूची, म्हणजे रेशमी, साडी कापून परकर शिवला होता. “बाई, मला तेलुगू व्हायचंय. शाळेत मी कधीच तेलुगू नसते.” आणि मग, थोडा विचार करून : “पण मी हिंदूपण आहे ना? आणि मराठीपण येतं. मग एकच पट्टी का दिली?”

एका मुलाला ओळख अंगाला डकवलेली नकोशी झाली होती, एका मुलीला ती पहिल्यांदाच उघडपणे मिरवायला मिळत होती. पट्टी तीच, पुठ्ठाही तोच. मुलीने हो म्हटलं होतं आणि मुलाला कोणी विचारलंच नव्हतं. शिवाय पट्ट्यांची यादीच कच्ची होती; तिच्यात धर्म आणि भाषा एकाच रांगेत उभ्या केल्या होत्या, जणू एका माणसाला दोन्ही असू शकत नाहीत.

कलाटणी

त्या संध्याकाळी राष्ट्रगीत डोळ्यांपुढे वेगळंच आलं. रोज म्हणतो त्यात काय आहे? पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग. नावंच नावं. कोणाला आपलं नाव उलटं करून मागची बाजू दाखवायला सांगितलेलं नाही. सिंध फाळणीनंतर पाकिस्तानात गेला; तो शब्द काढावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २००५ मध्ये ती फेटाळली गेली. गीत म्हणजे नकाशा नव्हे, असा त्याचा आशय. उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी आजोबांना त्या शब्दाचं काय वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट आमच्या दाराशीच होती. पाचच दिवसांपूर्वी, १२ जानेवारीला, आम्ही मुलांना घेऊन चार पुतळ्यापाशी, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मारकापाशी, गेलो होतो. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. दर वर्षी मी मुलांना सांगते : बघा, एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. म्हणजे लेबलं मीही लावतेच.

मग फरक काय? मी यावर बरेच दिवस विचार केला. त्या चौघांनी आधी काहीतरी केलं, आणि मग आपण म्हणतो, बघा किती वेगवेगळ्या घरांतून आले होते. आमच्या मुलाला आम्ही काही करायच्या आधीच लेबल दिलं, आणि त्याला जे करता येत होतं, म्हणजे गाणं, ते काढून घेतलं.

प्रत्यक्षात काय केलं

मुख्याध्यापकांनी आठही पट्टीवाल्या मुलांना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला : “तुला काय करायचंय?” हा प्रश्न २ जानेवारीला विचारायचा होता, तो विचारला १८ तारखेला.

मुस्लिम मुलगा म्हणाला, मुखडा. ज्या मुलीला मधल्या काळात मुखडा दिला होता तिच्यावर आता अन्याय होणार होता. म्हणून दोघांनी मिळून उचलायचा असं ठरलं. ‘शीख’ आणि ‘बंगाली’ झालेल्या दोघांना काहीच नको होतं, ते आनंदाने मागच्या रांगेत गेले. ‘हिंदू’ पट्टीच्या मुलाला ढोलकी वाजवायची होती. तेलुगू मुलीला तेलुगूत काहीतरी म्हणायचं होतं, पण काय ते सुचत नव्हतं.

ते मला सुचलं, आणि या प्रकरणात मी केलेली एवढी एकच गोष्ट मी बिनशर्त बरोबर मानते. पाठ्यपुस्तकात पहिल्या पानांवर छापलेली आपली प्रतिज्ञा मूळ तेलुगूत लिहिलेली आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये विशाखापट्टणमला असताना लिहिली. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरातल्या शाळांत म्हटली जाऊ लागली. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, “आपली? भारत माझा देश आहे, ती?” दुसऱ्या दिवशी आजीला सांगून ती मूळ ओळी पाठ करून आली : “भारतदेशं ना मातृभूमि. भारतीयुलंदरू ना सहोदरुलु.”

ठरलं असं : गाण्याआधी पाच मुलं आपल्या घरच्या भाषेत प्रतिज्ञेची सुरुवातीची ओळ म्हणणार. तेलुगू, कानडी, दखनी, मराठी आणि ऐन वेळी हात वर केलेल्या एका लमाणी मुलाची गोरमाटी. त्या मुलाची भाषा रजिस्टरमध्ये मराठी होती. आम्हाला त्या दिवशीच कळलं. पट्ट्या नाहीत. लुंगी भाड्याच्या दुकानात परत.

संगीताच्या बाईंनी बदल मान्य केले. मनापासून नव्हे. “तुम्हाला योग्य वाटेल तसं,” एवढंच म्हणाल्या, आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

काय झालं

२६ जानेवारीच्या सकाळी थंडी होती. राष्ट्रगीत झालं, राज्यगीत झालं. तेलुगू ओळ सुरू झाली तेव्हा पालकांच्या गर्दीतून बायकांचा आवाज आला, तिच्याबरोबर म्हणणारा. पुढची ओळ कोणीतरी चुकली आणि हशा पिकला. गोरमाटीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. नवल म्हणून का कौतुक म्हणून, सांगता येत नाही.

मुखड्याच्या वरच्या सुरावर मुलाचा आवाज फाटला. तेरा वर्षांचा होता, आवाज फुटायला लागला होता. ते काही २६ जानेवारी बघून येत नाही. शेजारच्या मुलीने सूर धरून ठेवला, दुसऱ्या ओळीला तो परत आला. पट्ट्या उलटण्याचा क्षण नसल्याने गाणं प्रेक्षकांच्या नजरेत साधंच झालं. मागच्या वर्षीचं जास्त छान होतं, असं मी तिघांकडून ऐकलं. दोन पालकांनी लेखी विचारलं की कार्यक्रमातून ‘सर्वधर्म’ का काढले.

मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. कौतुक करत म्हणाले, “या शाळेतली मुस्लिम मुलंसुद्धा किती सुंदर देशभक्तिगीत गातात!”

नऊ दिवसांची मेहनत त्या एका ‘सुद्धा’त वाहून गेली. मी मुलाकडे पाहिलं. तो बुटाच्या लेसशी खेळत होता. त्याचे वडील फाटकापाशी उभे होते, ड्यूटीवर निघालेले. ते हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. आभाराच्या भाषणात मुख्याध्यापक काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले आणि खाऊवाटप जाहीर केलं. नंतर मला म्हणाले, “सगळ्यांसमोर पाहुण्याला काय बोलणार?” खरं आहे. मीही बोलले नाही.

आज पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी मी संगीताच्या बाईंना एकटीला भेटेन. वडिलांचं बोलणं मी थेट बैठकीत नेलं, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं. पण त्याचबरोबर, प्रामाणिकपणे सांगायचं तर, मला ते आधी कळलं याचा थोडा तोराही होता. बाईंना घरी जाऊन सांगितलं असतं तर बदल त्यांचा झाला असता. तो माझा झाला, म्हणून त्यांना सोसावा लागला. पहिल्या तालमीला अंगावर काटा आलेली मीच होते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

पाहुण्यांशी पाच मिनिटं आधी बोलायला हवं होतं. कार्यक्रम काय आहे, भाषा कोणत्या, प्रतिज्ञा मूळ कुठली. माणूस बोलायला उभा राहिला आणि हाताशी काही नसलं की तो जुनीच वाक्यं काढतो.

त्या दोन पालकांच्या पत्रांना आम्ही उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं. त्यांचा प्रश्न वाईट नव्हता. पट्ट्या गेल्यामुळे त्यांना काहीतरी गमावल्यासारखं वाटलं. आम्ही त्याजागी काय ठेवलं ते त्यांना कोणी समजावलंच नाही.

वडिलांच्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला आजही सरळ देता येत नाही. पट्टी सुलटी असतानाही तो भारतीयच, हे मी त्यांना तेव्हाच म्हणू शकले असते. म्हणाले नाही, कारण मग पुढचा प्रश्न आला असता : मग उलटायची कशाला?

पुढच्या वर्षी

डिसेंबरात संगीताच्या बाईंनी आपणहून आठवीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘२६ जानेवारी – काय करायचंय?’, आणि खडू मुलांच्या हाती दिला. मी तास घ्यायला गेले तेव्हा फळा भरलेला होता. लेझीम, लेझीम, नाटक, कानडी गाणं, काही नाही, झेंडा धरणे. एका कोपऱ्यात त्या मुलाच्या तिरक्या अक्षरात : ‘ढोलकी. आवाज फुटलाय.’

बाईंनी त्याच्यापुढे बरोबरची खूण केली होती.